अकरा दिवसांचा पाऊस

नाशिकरोड,
रविवार, २ ऑगस्ट १९८७.
सकाळचे साडेआठ. पाऊस निरंक.

चि. सहादू,

जय भीम.

याच्यापुढं ‘अनेक आशीर्वाद’ लिहायची रीत आहे. ती आज पाळत नाही. इकडे सगळी खुशाली आहे. सगळी म्हणजे माझी एकटीची, कारण घरात दुसरं कुणी नाही. गुडघे दुखतात. शाळेत यंदा चौथीचा वर्ग माझ्याकडे आहे. पाऊस नाही, ते वर लिहिलंच. तुझी खुशाली विचारत नाही. ती पेपरात छापून येते.

तेरा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिलेली नाही. तुझी पत्रं आली ती सहा, त्यातली चार नुसती पत्ता बदलल्याची. आज लिहितेय म्हणजे राग गेला असं समजू नकोस. राग जिथल्या तिथं आहे.

गुरुवारी खंडेराव पाटील आले होते. आपल्या सायखेड्याच्या पाटलांचा थोरला. आता नाशिकला द्राक्षांचा मोठा व्यापार आहे, आणि तुझ्या नागरी सत्काराच्या कमिटीचा अध्यक्षही तोच. बरोबर दोघं जण होते. मी केलेला चहा तिघांनी बशीत ओतून प्याला. त्याच्या बापानं आपल्या घरचं पाणी कधी प्यालं नव्हतं. तेवढं बदललंय, ते कबूल.

“विमलाबाई,” खंडेराव म्हणाला, “तुमचा भाऊ म्हंजी लय मोठा माणूस झाला बरं का. सोळा तारखेला हॉल फुल्ल. कलेक्टर येणार हायेत. तुमाला बी साडी-चोळी करायची हाय. फक्त ते नानांचं पावसाचं रजिस्टर तेवढं द्या. स्टेजवर पाटावर ठेवू, त्याला हार घालू. डॉक्टरसाहेबांनीच फोनवर सांगितलं.”

मी म्हटलं, शोधावं लागेल. शोधायचं काय त्यात? ते माझ्या लोखंडी पेटीत, लुगड्यांच्या खाली आहे. पण मी दिलं नाही.

जाताना तो निमंत्रणपत्रिका ठेवून गेला. मागच्या पानावर तुझ्या दिल्लीच्या भाषणातला उतारा छापलाय. “माझ्या वडिलांनी तीस वर्षं, एकही दिवस न चुकता, पाऊस मोजला. त्यांनी एकही खोटा आकडा लिहिला नाही. मी आज हिमनदीचा बर्फ वाचतो, तो त्यांच्या रजिस्टरवर शिकून.” खाली तुझा फोटो, डोळ्यांवर काळा चष्मा, मागे बर्फच बर्फ.

मेल्या म्हशीला मणभर दूध. याहून चांगलं मला काही सुचत नाही.

सहादू, तुझं पुस्तक माझ्याकडे आहे, हे तुला माहीत नसेल. तू पाठवलं नाहीस, मी मागवलं. सन पंच्याहत्तरचं, निळ्या कापडी बांधणीचं, तुला पहिलं सुवर्णपदक मिळवून देणारं. माझं इंग्रजी अक्षरं ओळखण्यापुरतं, म्हणून शाळेतल्या लताबाईंकडून वाचून घेतलं. बर्फात वर्षावर्षाचे थर असतात, दुष्काळाच्या वर्षी धुळीचा काळा थर बसतो, आणि तो थर खालच्या मुलखातल्या पावसाच्या नोंदींशी जुळवून बघायचा. इतकं मला कळलं. चौऱ्याऐंशी गावांच्या नोंदी वापरल्यास. शेवटी बारीक अक्षरात त्यांची यादी आहे. त्यात आपल्या गावापुढं काय छापलंय ते लताबाईंनी दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाचून त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं होतं.

‘सायखेडा. जून १९६९ ते डिसेंबर १९७३. निरीक्षक अंध. नोंदी अविश्वसनीय. वगळल्या.’

एकाच माणसाची ही दोन तोंडं. पुस्तकात बाप अविश्वसनीय, आणि स्टेजवर त्याच्या रजिस्टरला झेंडूचा हार. पुस्तक नाशिकमध्ये कोण वाचतंय, असं वाटलं असेल तुला. मी वाचलं.

तुझे बाकीचे मान-सन्मानही मला पाठ आहेत. शहात्तरचं पदक. एकोणऐंशीला परदेशातल्या कुठल्याशा मंडळानं तुला आपल्यात घेतलं. त्र्याऐंशीला दक्षिण ध्रुवावर गेलास, रेडिओवर बोललास. आमच्या कॉलनीत चार घरांत एकदम तुझा आवाज लागला होता आणि मी भांडी घासत होते. तिकडच्या एका खडकाला तुझं आडनाव दिलंय म्हणे. गांगुर्डे खडक. आपल्या माणसांना गावात ओढ्याच्या अलीकडं घर बांधू देत नव्हते, आणि तिकडं पृथ्वीच्या टोकाला अख्खा खडक आपला. ते वाचलं तेव्हा मी एकटीच मोठ्यानं हसले, आणि मला तुझा अभिमान वाटला. वाटला ते लिहिते. लपवत नाही. पण अभिमान वाटला म्हणून राग कमी झाला नाही.

त्याच रेडिओवरच्या मुलाखतीत तू म्हणालास, “बर्फ कधी खोटं बोलत नाही.” बरोबर आहे. बर्फाला आंधळा बाप नसतो.

तू हायस्कुलाला नाशिकच्या बोर्डिंगात गेलास, तिथून पुण्याला. शेवटची वर्षं तू बघितलीच नाहीस, म्हणून पुढचं नीट वाच. नाना डाक बंगल्याचे चौकीदार. त्रेचाळीस साली एका ओव्हरसियरनं त्यांना आकडे शिकवले आणि आवारातलं पावसाचं यंत्र त्यांच्या हवाली केलं. वर नरसाळं, आत बाटली, शेजारी मोजायची काच. भोवती तारेचं कुंपण, आणि त्या कुंपणात निवृत्ती गांगुर्डेशिवाय कुणी पाय ठेवायचा नाही असा सरकारी हुकूम. पेरणीच्या दिवसांत मोठे पाटील, म्हणजे खंडेरावचा बाप, कुंपणाबाहेर उभे राहून विचारायचे, “निवृत्ती, किती झाला रं?” नाना घाई करायचे नाहीत. बाटली काचेत ओतायचे, डोळ्यांसमोर धरायचे, रजिस्टरात लिहायचे, मग काच नाकाशी नेऊन पाणी हुंगायचे आणि निंबाच्या बुडाशी ओतायचे. त्यानंतर पाटलांना उत्तर. गावात बाकी सगळीकडे नाना बाहेर उभे राहायचे. त्या पंधरा हातांच्या जागेत ते आत आणि पाटील बाहेर. हे तुला आठवत नसेल तर तू त्या भाषणात नानांचं नाव घ्यायलाच नको होतंस.

पाऊस नसला तर ते शून्य लिहायचे नाहीत. शून्याला कुणीही पुढं आकडा चिकटवील, म्हणायचे. ‘निरंक’ असं पूर्ण अक्षरात लिहायचे.

एकोणसत्तरच्या पुरात नाना रजिस्टरं डोक्यावर घेऊन छातीभर पाण्यातून आले. आधीच काचबिंदू होता, जूनपासून काचेवरचे आकडे दिसेनासे झाले होते. त्या पावसाळ्यात उरलीसुरली नजरही गेली. मी तेव्हा नांदगावचं सासर सोडून कायमची परत आले होते आणि गावच्याच शाळेत लागले होते. वरच्या ऑफिसला कळवलं असतं तर यंत्र दुसऱ्याकडे गेलं असतं. नाना म्हणाले, “डोळे तुझे, कान माझे. हाय काय त्यात?” तसंच सुरू झालं. रोज साडेआठला मी त्यांना धरून कुंपणात न्यायचे. ते दगडावर बसायचे. मी बाटली काचेत ओतायचे, आणि ओतण्याच्या आवाजावरून ते आकडा सांगायचे. “सात. सातला थोडा कमी.” मी काच बघायचे, तर सहा पूर्णांक आठ. साडेचार वर्षांत दोनदा चुकले असतील. मी पेन्सिलीनं दाबून लिहायचे आणि ते कागदावरून बोट फिरवून अक्षर तपासायचे. म्हणून रजिस्टरात एक आणि बोलण्यात दुसरं, असं त्यांच्यापुढं करता येत नव्हतं. हे लक्षात ठेव.

मग बहात्तर साल आलं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यानंतर थेंब नाही. रोज साडेआठला कुंपणात जायचं, बाटली उलटी करायची, निरंक. चाळीस दिवस निरंक. पाटील विचारायला यायचे बंद झाले. नाना मात्र एक दिवस चुकले नाहीत. आधी म्हणायचे, “तळाला असंल बघ.” मग म्हणायला लागले की नरसाळं गळतंय. भाकरी अर्धी उरायला लागली. आणि अठरा ऑगस्टला, मी रिकामी बाटली काचेवर धरली तेव्हा, त्यांनी माझं मनगट पकडून हळूच विचारलं, “विमल, ओततीयस ना तू? का मला आता ऐकू बी येईना?”

मी ‘ओतलं नाही, पाऊस नाही’ म्हणाले. त्यांचा विश्वास बसला नाही. दिवसभर ते मडक्यावर टिचकी मारून स्वतःचे कान तपासत बसले होते. डोळे गेले तेव्हा घाबरले नव्हते, ते त्या दिवशी घाबरले.

दुसऱ्या दिवशी मी लवकर उठले.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, आणि तुला सांगायची माझी इच्छाही नाही, पण आता सांगते. मी घागरीतलं पाणी वाटीनं घेतलं, अर्धी वाटीसुद्धा नाही, कुंपणात जाऊन नरसाळ्यात ओतलं आणि परत येऊन चूल पेटवली. साडेआठला नानांना नेलं. बाटली काचेत रिकामी केली. नाना दगडावर ताठ बसले. “तीन,” ते म्हणाले. तीनच होतं. मी तीन लिहिलं, त्यांनी बोट फिरवलं. काच हुंगली, पाणी निंबाला घातलं. त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या.

असं अकरा वेळा केलं. प्यायच्या पाण्याचे इतके हाल असताना केलं. दर महिन्याची नक्कल वर ऑफिसला जायची, तीही मीच केली. अकरा आकडे सरकारात खोटे गेले, आणि ते माझ्या हातानं गेले. नानांच्या नव्हे.

आता तू ये या गोष्टीत. त्र्याहत्तरच्या दिवाळीच्या सुट्टीत तू निफाडच्या, पिंपळगावच्या नोंदी उतरवून घेऊन आलास आणि आमच्या रजिस्टराशेजारी ठेवून बसलास. तासाभरानं स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिलास. “आक्का, हे बहात्तरचे अकरा दिवस. आजूबाजूला कुठंच थेंब नाही. हे कसं?”

मी भाकरी थापत होते. वर न बघता म्हटलं, “मला काय विचारतोस? नानांना विचार.”

एवढंच. माझा गुन्हा म्हणशील तर पाण्याचा नाही, तो ह्या एका वाक्याचा आहे. तू मला ओरडशील, माझी नोकरी जाईल, काय वाटलं त्या क्षणी ते आता धड आठवतही नाही. मी बापाच्या आड लपले.

पण तू विचारलंस का नानांना? ओसरीवर दहा हातांवर बसले होते. रेडिओ ऐकत होते. तू विचारलं नाहीस. सकाळी पहिल्या एसटीनं गेलास, त्यांच्या पाया पडून गेलास, आणि ऑफिसला कागद लिहिलास. मला तुझ्या विज्ञानाचं शहाणपण शिकवू नकोस. खोट्या नोंदी काढायलाच हव्यात, ते मला कळतं; मीही मुलांच्या उत्तरपत्रिका तपासते. पण अकरा दिवस खोटे निघाले म्हणून तू साडेचार वर्षं फेकलीस. दीड हजारांवर दिवस, आंधळ्या माणसानं कानानं मोजलेले, मिलिमीटरला मिलिमीटर खरे. चूक दाखवणं हा तुझा धंदा असेल. चूक कुणाची ते विचारणं हे निदान मुलाचं काम होतं.

फेब्रुवारीत नानांच्या नावानं लखोटा आला. मीच वाचून दाखवला. नोंदी अविश्वसनीय आढळल्या, केंद्र बंद, साहित्य परत करावे. नानांनी विचारलं, “कुणी कळवलं?” कागदात तुझं नाव होतं. मी वाचलं. त्यांनी कागद माझ्या हातातून घेऊन त्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, “बरूबर केलं त्यानं. कागद घे. उत्तर लिही.”

त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं: ‘चूक माझी आहे. मला दिसत नव्हते. मुलीने मी सांगितले तेच लिहिले. तिचा दोष नाही.’

सहादू, तिथं माझा हात थांबला. “मुलीचं कशाला घालता त्यात?” मी म्हटलं. नाना म्हणाले, “असू दे.” मग काय म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते. “पोरी, त्या साली आपण झिऱ्याचं पाणी आणायचो आन् तू त्यात शाळेतली जंतू मारायची पावडर टाकायचीस. पावसाला पावडरीचा वास येतो का कुठं?”

म्हणजे पहिल्याच दिवशी, काच हुंगली तेव्हाच, त्यांना कळलं होतं.

मी विचारलं, मग बोलला का नाहीत. ते म्हणाले, “कान शाबूत हायेत एवढं कळलं ना मला. आन् तू माझ्यासाठी उठत होतीस. कसं थांबवू?” मग त्यांनी सही केली, ओळीच्या वर. मी तो कागद पोस्टात टाकला. फाडला नाही. दुसरा लिहिला नाही. टाकला.

यंत्र न्यायला जीप आली. कुंपणही काढून नेलं, रजिस्टर तेवढं कुणी मागितलं नाही. त्यानंतरही रोज साडेआठला नाना त्या दगडावर जाऊन बसायचे. आता त्या जागेत कुणीही येत-जात होतं, गुरंसुद्धा. अकरा जूनला गेले. तुला तार केली. तुझं उत्तर एकोणीस दिवसांनी आलं, हिमनदीवरून: मोहीम अर्धवट सोडता येणार नाही, हंगाम थोडाच असतो. सोबत तुझा बर्फावरचा फोटो. तो फोटो मी परत पाठवला होता. मिळाला असेल.

इतकी वर्षं मी तुझा राग राग केला त्यात अर्धा माझा माझ्यावरचा होता. तो अर्धा मी माझ्याकडे ठेवून घेते. उरलेला तुझा तुला पोचवते.

आता सत्काराचं. साडी-चोळी मला नको. रजिस्टर घेऊन मी सोळा तारखेला येणार आहे, पण ते पाटावर ठेवायला नाही. हार तर मुळीच नाही. तू ते हातात घ्यायचं, बहात्तर साल उघडायचं आणि सगळ्यांसमोर अकरा तारखा वाचायच्या. तुला शोधावं लागू नये म्हणून देते. ऑगस्ट: १९, २१, २४, २७, ३०. सप्टेंबर: २, ५, ९, १४, २०, २६. ह्या अकरा दिवशी सायखेड्यात पाऊस पडला नाही, ते पाणी विमल गांगुर्डेनं ओतलं, असं म्हणायचं. मग तुझ्या पुस्तकात नानांबद्दल काय छापलंय तेही वाचायचं, आणि पुढच्या छपाईत ते बदलेन असं सांगायचं. ‘निरीक्षक अंध’ राहू दे, ते खरं आहे. ‘अविश्वसनीय’ माझ्या नावापुढं लाव, अकरा दिवसांपुरतं. बाकीचे दिवस नानांना परत दे.

तुझं पदक यानं कुणी काढून घेणार नाही. माझ्या नोकरीचं काय व्हायचं ते होईल. तीन वर्षं राहिलीत. खंडेरावचं तोंड पडेल, कलेक्टरसाहेब घड्याळ बघतील. बघू देत. आणि तू ते वाचलं नाहीस, पुन्हा ते ‘एकही खोटा आकडा नाही’ म्हणालास, तर मी पुढच्याच रांगेत बसलेली असेन आणि उठून मी वाचीन. माझा आवाज चौथीच्या साठ पोरांना पुरतो, हॉललाही पुरेल.

विचार करून ये. नाहीतर येऊ नकोस, बर्फ तुझी वाट बघत असेल.

निरीक्षक, सायखेडा केंद्र,
जून १९६९ ते डिसेंबर १९७३,
विमल निवृत्ती गांगुर्डे